गारव्याचा डबा आणि कायदा

स्वतःच्या मोटारींत स्वतःच्या हातानें गारवा भरण्यास सरकारची आडकाठी कां असावी, असा प्रश्न अमेरिकेंतील एखाद्या मोटारवाल्यानें केला, तर तो अगदींच गैर आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं. मोटारींतील हवा थंड करणाऱ्या यंत्रास जो वायु लागतो, तो तेथें एके काळीं लहान डब्यांतून कोणत्याहि दुकानीं सहज मिळत असे.

हा वायु थॉमस मिजली यानें १९२८ सालीं शोधला. १९३० सालीं रसायनशास्त्रज्ञांच्या सभेपुढें त्यानें तो छातींत भरून घेतला आणि त्याच फुंकरीनें जळती मेणबत्ती विझवून दाखविली. म्हणजे वायु विषारी नाहीं व पेटतहि नाहीं! पूर्वींचीं शीतयंत्रें अमोनियासारख्या घातक वायूंवर चालत, त्यामुळें याचें कौतुक झालें यांत नवल नाहीं. परंतु कशाशींहि सहसा संयोग न पावणें हा त्याचा गुणच पुढें बाधला. खालीं न विघटतां तो वर चढतो आणि तेथें ओझोनच्या थराचा नाश करितो, असें मोलिना व रोलंड यांनीं १९७४ सालीं दाखविलें. १९८७ सालीं माँट्रियलचा करार झाला. आणि नोव्हेंबर १९९२ पासून या वायूचे वीस पौंडांहून लहान डबे प्रमाणपत्रधारी कारागिरांवांचून इतरांस विकण्याची अमेरिकेंत बंदी झाली.

लहान डब्यावरच रोख कां? मोठें नळकांडें घेणार कारखानदार. लहान डबा घेणार घरधनी. त्याच्या गाडींतील यंत्र गळतें. तें दुरुस्त न करितां तो दर उन्हाळ्यांत नवा डबा ओततो. गळक्या घागरींतील पाणी गेलें तर नुकसान घागरवाल्याचें. येथें तें सर्वांचें. मात्र जुनी गाडी कशीबशी चालविणाऱ्यास दुरुस्तीचा खर्च झेपत नाहीं, हेंहि खरें. १९९५ अखेर वायूचें उत्पादन थांबलें, भाव चढले, आणि मायामीच्या बंदरांतून चोरटी आयात सुरू झाली.

त्याच्या जागीं आलेला आर-१३४ए हा वायु ओझोनास अपाय करीत नाहीं, म्हणून डबे पुन्हां दुकानांत आले. पण पृथ्वी तापविण्यांत तो, शंभर वर्षांच्या हिशेबानें, कर्बद्विप्राणिदाच्या हजारपटीहून अधिक समर्थ! तेव्हां १ जानेवारी २०१८ पासून त्याच्याहि विक्रीस प्रमाणपत्राची अट लागली; मोटारीसाठींचे दोन पौंडांपर्यंतचे डबे तेवढे वगळले, तेहि आपोआप मिटणारी झडप असेल तर. त्यापूर्वीं तयार झालेले डबे झडपेवांचूनहि विकण्यास मुभा राहिली. युरोपीय संघानें तर एकदां वापरून टाकण्याचे डबे २००७ सालींच बाजारांत आणूं देण्याचें बंद केलें होतें. कॅलिफोर्नियानें २०१० सालीं डब्यामागें दहा डॉलर अनामत घेण्याचा नियम केला. रिकामा डबा परत केला कीं पैसे परत. सोड्याच्या बाटलीचीच ही रीत आम्हांस अधिक पसंत आहे, कारण तळाशीं उरलेला वायुहि त्यायोगें परत हातीं येतो.

झडपेनें मात्र गळावयाचा थांबतो तो डबा. यंत्राची गळती तशीच राहते, आणि पुढच्या उन्हाळ्यांत घरधनी पुन्हां दुकानीं जातो.