तेरा तेजी आणि खालीचा महिना

पालमच्या आमच्या घरात सफर महिन्याची बारावी रात्र आली, की दादी प्रत्येकाच्या उशाशी एक ताटली ठेवायची. ताटलीत मूठभर अख्खे उडीद, एक अंडे, वाटीत गोडे तेल आणि एक-दोन नाणी. सकाळी उठल्यावर आधी त्या तेलात तोंड बघायचे, मग अंघोळ, आणि मग ताटलीतले सगळे दारावर आलेल्या फकिराला द्यायचे. अंगावरची इडापिडा त्याबरोबर निघून जाते, अशी समजूत होती. या विधीला आमच्याकडे ‘तेरा तेजी’ म्हणतात. सफरचे पहिले तेरा दिवस जड. त्या दिवसांत लग्न ठरवायचे नाही, नव्या घराचा पाया घालायचा नाही, दूरच्या प्रवासाला निघायचे नाही.

लहानपणी मला या सगळ्यातले अंडे तेवढे कळायचे; ते फकिराला न देता मला मिळावे असे वाटायचे. पुढे इतिहास शिकवू लागलो तेव्हा याच ताटलीने मला एका मोठ्या प्रश्नाकडे नेले. ज्या धर्मात अपशकुन मानणेच नाकारले आहे, त्याच्या अनुयायांच्या घरात अशुभ महिने आले कुठून? आणि आले ते टिकले कशामुळे?

आधी महिन्यांची नावे पाहू. मौलवींच्या तोंडी हिजरी महिने मुहर्रम, सफर, रबीउल अव्वल असे येतात. आमच्या बायकांच्या तोंडी मात्र त्यांची नावे वेगळीच होती. सफर म्हणजे ‘तेरा तेजी’, रबीउल अव्वल म्हणजे ‘बारा वफात’, त्यापुढचा ‘दस्तगीर’चा, मग ‘मदार’चा. शाबान म्हणजे ‘शबेबरात’, शव्वाल म्हणजे ‘ईद’चा आणि जिल्हज म्हणजे ‘बकरीद’चा. ईद आणि बकरीद यांच्यामध्ये जिल्काद येतो. त्यात सण नाही, उरूस नाही, म्हणून त्याचे नाव ‘खाली’, म्हणजे रिकामा. मराठी माणसाला हे परके वाटू नये. अधिक महिन्याला आपण धोंड्याचा महिना म्हणतो आणि पौषाला भाकड म्हणतो, तसेच हे. पंचांग पंडितांचे असते, महिन्यांची नावे मात्र घरातल्या बायका ठेवतात.

नाव ठेवले की गुण चिकटतो. ‘खाली’त लग्न केले तर संसार रिकामा राहतो, ही समजूत त्या नावातूनच निघाली. मुहर्रममध्ये लग्न नाही, कारण करबलाचा शोक. सफरमध्ये नाही, कारण तेरा तेजी. जिल्कादमध्ये नाही, कारण तो खाली. वर्षाच्या बारा महिन्यांतले तीन असे बाजूला पडले.

ही चाल किती जुनी आहे, याचा एक चांगला पुरावा दख्खनमध्येच आहे. ‘कानून-ए-इस्लाम’ हा ग्रंथ जाफर शरीफ यांनी मद्रास इलाख्यातील डॉक्टर हर्क्लॉट्स यांच्या सांगण्यावरून लिहिला. हर्क्लॉट्स यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद १८३२ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला. दख्खनी मुसलमानांच्या जन्मापासून मरणापर्यंतच्या चालीरीती त्यात आहेत. तेरा तेजीचे वर्णन वाचताना मला दादीची ताटलीच दिसली. धान्य, तेलाची वाटी, अंडी, पैसे, तेलात तोंड बघणे, मग दान, सगळे तेच. महिन्याच्या शेवटच्या बुधवारचा, म्हणजे ‘आखरी चहार शंबा’चा विधीही त्यात येतो. पानावर सात ‘सलाम’ लिहायचे, ते पाण्याने धुऊन ते पाणी प्यायचे, नवे कपडे घालून बागेत जायचे आणि हिरवळीवर चालायचे.

या दोन्ही विधींना लोक एकच कारण सांगतात. पैगंबर सफरच्या पहिल्या तेरा दिवसांत आजारी होते आणि शेवटच्या बुधवारी त्यांना बरे वाटून त्यांनी स्नान केले. इतिहास म्हणून हे टिकत नाही. पैगंबरांचा अखेरचा आजार हिजरी सन ११ मधला. चरित्रकारांच्या मते त्याची सुरुवात सफरच्या अखेरीस झाली आणि पुढच्याच महिन्यात त्यांचे निधन झाले. म्हणजे ज्या तेरा दिवसांचा धसका आपण घेतो, त्या दिवसांत ते आजारी नव्हते. आणि ज्या बुधवारी आपण हिरवळीवर आनंदाने फिरतो, त्याच्या आसपास त्यांचे दुखणे सुरू झाले होते.

उत्तर भारतातल्या उलेमांनी यावर स्पष्ट लिहिले आहे. देवबंदी परंपरेतले अशरफ अली थानवी यांनी ‘बहिश्ती जेवर’ हे पुस्तक मुद्दाम बायकांसाठी लिहिले. त्यात सफरला तेरा तेजी म्हणणे, तो महिना अशुभ मानणे, खालीत लग्न टाळणे या चालींचा त्यांनी निषेध केला. बरेलवी परंपरेचे अहमद रजा खान यांनी आखरी चहार शंब्याला काही आधार नाही, असा निर्वाळा दिला. या दोन परंपरांचे इतर कितीतरी बाबतींत हाडवैर. अशुभ महिन्यांच्या बाबतीत मात्र दोघांचे एकमत आहे. ‘बहिश्ती जेवर’ आमच्या घरातही होते. लग्नात मुलीला कुराणाबरोबर ते द्यायची पद्धत होती. ते कपाटात वर राहिले आणि ताटली उशाशी राहिली.

मूळ शिकवण काय आहे, हे थोडक्यात सांगतो. इस्लामपूर्व अरबस्तानात पक्ष्याच्या उडण्यावरून शकुन बघत, घुबडाला भीत आणि सफरलाही भीत. बुखारींच्या हदीस-संग्रहात पैगंबरांचे एक प्रसिद्ध वचन आहे. त्यात अपशकुन, घुबड आणि सफर या सगळ्यांना त्यांनी एका दमात निकालात काढले आहे. त्यातल्या ‘सफर’ शब्दाचा अर्थ काही भाष्यकार पोटातला साप असा करतात. भूक लागली की तो चावतो, अशी अरबांची कल्पना होती. काही भाष्यकार मात्र महिना असाच अर्थ घेतात. अर्थ कोणताही घेतला तरी भीतीला जागा उरत नाही.

शव्वालचे उदाहरण त्याहून बोलके आहे. त्या काळचे अरब शव्वालमध्ये लग्न करत नसत. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा सांगत, की त्यांचा निकाह शव्वालमध्ये झाला आणि त्या सासरी गेल्या त्याही शव्वालमध्येच; पैगंबरांच्या घरात त्यांच्याहून भाग्यवान कोण होते? आपल्या नात्यातल्या मुलींचीही पाठवणी शव्वालमध्ये व्हावी, अशी त्यांची आवड होती. रूढी मोडायची तर ती स्वतःच्या घरात मोडून दाखवावी लागते, हे आयेशांना ठाऊक होते. बाई, घर आणि घोडा यांत अपशकुन असतो, असे वचन पैगंबरांच्या नावावर सांगितले गेले, तेव्हाही आयेशांनीच हरकत घेतली. पैगंबर तसे मानत नव्हते, अज्ञानकाळातले लोक काय म्हणत ते सांगत होते, असे त्यांनी बजावल्याची नोंद आहे.

पैगंबरांचा लहानगा मुलगा इब्राहीम वारला, त्या दिवशी सूर्यग्रहण लागले. त्याच्या मृत्यूमुळेच सूर्य काळवंडला, असे लोक म्हणू लागले. पैगंबरांनी लोकांना सांगितले, की सूर्य आणि चंद्र ही अल्लाहची चिन्हे आहेत. कुणाच्या मरणाने किंवा जगण्याने त्यांना ग्रहण लागत नाही. मूल गमावलेल्या बापाने त्याच दिवशी हे सांगितले, म्हणून मला ही घटना फार मोठी वाटते.

कुराणाच्या नवव्या अध्यायात बारा महिन्यांचा उल्लेख आहे. त्यांतले चार पवित्र. लगेच पुढच्या आयतीत महिने पुढे-मागे सरकवण्याच्या अरबी प्रथेला मनाई आहे. आपल्या पंचांगात चांद्र वर्ष ऋतूंशी जुळवायला अधिक महिना घालतात. तसेच काहीसे अरबही करत, असे अनेक अभ्यासक मानतात. ही मनाई झाल्यावर हिजरी वर्ष ऋतूंपासून मोकळे झाले. दर वर्षी ते दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते आणि सुमारे तेहतीस वर्षांत सगळ्या ऋतूंमधून फिरून येते. आपल्या चातुर्मासात लग्ने का नव्हती, याला पाऊस, चिखल, पेरण्या अशी कारणे देता येतात. सफरला असे कारण देता येत नाही. तो कधी उन्हाळ्यात येतो, कधी भर पावसात.

आणि ते चार पवित्र महिने कोणते? रजब, जिल्काद, जिल्हज आणि मुहर्रम. म्हणजे आमच्या बायकांनी ‘खाली’ ठरवलेला जिल्काद हा कुराणाच्या हिशेबाने पवित्र महिना.

हे मी पुस्तकांतून जुळवले ते फार उशिरा. खालीचा महिना आमच्या घरात त्याच्या कितीतरी आधी येऊन बसला होता.

माझ्या फुफीचा निकाह १९४८ च्या सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात झाला. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. महिना खालीचा होता आणि दादीचा विरोध होता. पण दिवस वाईट होते. रझाकारांनी गावे लुटली होती, माणसे मारली होती. आज ना उद्या भारताची फौज येणार आणि पुढे काय होईल ते सांगता येत नाही, असे सगळेच बोलत होते. मुलगी आपल्या घरी गेलेली बरी, म्हणून दादांनी घाई केली. १३ सप्टेंबरला फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. त्यानंतरच्या आठवड्यात फुफीचा नवरा शेजारच्या गावी गेला आणि मारला गेला. तो रझाकार नव्हता, शेती करायचा.

पंडित सुंदरलाल समितीने त्या वर्षाच्या अखेरीस संस्थानात फिरून अहवाल दिला. पोलीस ॲक्शनच्या काळात आणि नंतर २७ ते ४० हजार माणसे मेली, असा त्यांचा अंदाज होता. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आमच्या शेजारचा नांदेड होता. हिंदूंनी मुसलमान शेजाऱ्यांना वाचवल्याची उदाहरणेही त्या अहवालात आहेत. आमच्या दादांना शेजारच्या पाटलांनी आठवडाभर वाड्यात लपवले, म्हणून हे लिहायला मी आहे.

पण घरात कारण एकच सांगितले गेले: “खाली में निकाह पढाए ना, घर खाली हुआ.” फुफीला शरियतीने दुसऱ्या लग्नाची मुभा होती. इद्दत संपल्यावर दोन स्थळे आलीही. महिन्याची गोष्ट त्यांच्या कानावर गेली आणि ती परत गेली. आधी महिना अशुभ होता, मग ती अशुभ झाली. हळदीच्या वेळी ती मागच्या खोलीत जाऊन तांदूळ निवडत बसायची. तिला कुणी जा म्हणत नसे आणि ये असेही म्हणत नसे.

मी एकदा जुन्या तारखा पडताळून पाहिल्या. १७ सप्टेंबर १९४८ हा जिल्कादचा बारावा-तेरावा दिवस होता आणि भाद्रपद शुद्ध चतुर्दशीही, म्हणजे अनंत चतुर्दशी. आकाशात चंद्र एकच होता. त्याच चंद्राखाली मराठवाड्यातल्या लाखो घरांत तो मुक्तीचा दिवस ठरला, आणि आजही १७ सप्टेंबरला आपण मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो. महिन्यात गुण-दोष असता तर तो दोन घरांत दोन तऱ्हेने कसा वागला? उलटही पाहा. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसी नदीच्या महापुराने हैदराबादेत हजारो माणसे नेली, तेव्हा रमजान नुकताच लागला होता. रमजानला कुणी अशुभ म्हटले नाही.

या समजुती केवळ अज्ञानामुळे टिकल्या, असे मला आता वाटत नाही. त्यांचा उपयोग होतो. फुफीच्या नवऱ्याला माणसांनी मारले. ती माणसे आसपासच्याच गावांतली होती आणि दादांना त्यांच्याच बाजारात पुढची तीस वर्षे उभे राहायचे होते. त्यांचे नाव घेण्यापेक्षा महिन्याचे नाव घेणे सोपे होते. त्यात भांडण वाढत नव्हते, कोर्टकचेरी नव्हती. दादीला मी दोष देत नाही. तिने त्या काळात घर सांभाळले. पण त्या सोयीची किंमत फुफीने एकटीने भरली.

डिसेंबर २००६ मध्ये माझ्या मुलीचा निकाह ठरला. मुलाकडच्यांना सुट्टी तेव्हाच होती आणि महिना होता खालीचा. “लोगां क्या बोलेंगे?” हे भावकीतून लगेच आले. मशिदीच्या इमामसाहेबांनी जिल्काद पवित्र आहे आणि पैगंबरांनी हजच्या वेळचा वगळता आपले उमरे याच महिन्यात केले, असे समजावून सांगितले. लोकांनी माना डोलावल्या, पण कुजबुज थांबली नाही. मी फुफीला विचारले. ती तेव्हा त्र्याहत्तर वर्षांची होती. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “महिने का क्या है बेटा, वो तो आता जाता रहता.”

हळदीच्या दिवशी ती नेहमीसारखी मागच्या खोलीकडे निघाली. माझ्या मुलीने तिला हाताला धरून आणले आणि पहिली हळद तिच्याकडून लावून घेतली. दोन-तीन बायका उठून बाहेर गेल्या. बाकीच्या बसून राहिल्या. फुफीचा हात थरथरत होता आणि हळद मुलीच्या गालावरून ओढणीवर सांडली.

फुफी आता नाही. ती ओढणी माझ्या मुलीने धुतली, पण डाग गेला नाही. तिने ती तशीच ठेवली आहे.