बिब्बा, गूळ आणि सुई

एखाद्याच्या चांगल्या चाललेल्या कामात कोणी मोडता घातला, तर त्याने 'बिब्बा घातला' असे आपण म्हणतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या राळेगावकडे मात्र बिब्ब्याचा लौकिक याच्या अगदी उलट होता. वखरणी करताना ढेकळात पाय मुरगळला, विहिरीचा दोर ओढताना मनगट लचकले, की घरातली म्हातारी माणसे डबीतून बिब्बा काढीत. तो दाभणाच्या टोकावर टोचून दिव्याच्या ज्योतीवर धरावयाचा आणि काळे तेल पाझरू लागले की दुखऱ्या घोट्याभोवती त्याच्या फुल्या ओढावयाच्या. दुसऱ्या दिवशी कातडी लाल होई, फोड येत. बिब्बा 'उतला' तर अंगभर सूज चढे. माझी आजी म्हणे, वरची आग आतली कळ ओढून घेते.

ही जुनी गोष्ट उकरून काढण्यास एक निमित्त घडले. माझे चुलतभाऊ, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, यांनी साठी ओलांडली आणि त्यांच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला. एका मोठ्या शहरातल्या दवाखान्यात त्यांना सांगण्यात आले, 'तुमच्याच रक्तातला अर्क काढून सुईने गुडघ्यात सोडू. झिजलेला सांधा नव्याने भरून येईल. शास्त्र अगदी नवे आहे.' खर्च ऐकला तर कापसाच्या एका वेचणीचा सगळा पैसा त्यात जाणार होता. दादा घरी आले आणि मला म्हणाले, 'तू एवढे पुस्तकं वाचतं, सांग बरं बाबू, हे खरं हाय का?'

प्रश्न साधा होता, पण उत्तरासाठी मला बरेच मागे जावे लागले. कारण शास्त्र नवे असले तरी त्याच्या मुळाशी असलेली कल्पना फार जुनी आहे. अंगाला मुद्दाम थोडी इजा करावी, म्हणजे अंग स्वतःच दुरुस्तीला लागते, ही ती कल्पना होय.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील बारावा अध्याय अग्निकर्माचा, म्हणजे डाग देण्याचा आहे. कोठले दुखणे कशाने डागावे याचा तेथे तपशील येतो. कातडीच्या दुखण्यास पिंपळी, शेळीची लेंडी, गाईचा दात यांसारख्या वस्तू. मांसाच्या दुखण्यास धातूची उपकरणे. आणि शिरा, स्नायू, सांधे व हाडे यांच्यासाठी तापवलेला मध, गूळ आणि स्नेह, म्हणजे तूप-तेल. इकडे हे, तर तिकडे ग्रीस देशात हिपोक्रेटिसच्या नावावरील ग्रंथात वारंवार निखळणाऱ्या खांद्यासाठी काखेत तापल्या लोखंडाचे डाग देण्याची रीत सांगितली आहे. व्रण आवळला म्हणजे खांदा जागेवर राहील, हा त्यामागचा हिशेब.

हा हिशेब अगदीच पोकळ नव्हता. हाडाला हाड बांधणारे जे चिवट पांढरे पट्टे असतात, त्यांना अस्थिबंध म्हणतात. मांसात रक्त जितके खेळते तितके या पट्ट्यांत खेळत नाही. म्हणून ते फाटले किंवा सैल पडले तर सावकाश आणि पुष्कळदा अर्धवटच सांधतात. जखम झाली की तेथे सूज येते, रक्तातून पेशी धावून येतात, नवे तंतू विणतात आणि काही महिन्यांत ते आवळून घट्ट होतात. तेव्हा ज्या बंधाची दुरुस्ती अर्ध्यावर थांबली आहे, तेथे पुन्हा थोडी जखम करून ती चालू करता येईल काय, असा विचार वैद्यांच्या मनात येणे स्वाभाविक होते. अडचण एवढीच, की डाग कातडीवर बसतो आणि बंध असतात आत. आत पोहोचावयास सुई हवी होती.

सुईचा हा उपयोग प्रथम झाला तो अंतर्गळासाठी. बोस्टनचे डॉक्टर जॉर्ज हीटन एकोणिसाव्या शतकात अंतर्गळाच्या जागी पांढऱ्या ओक झाडाच्या सालीचा अर्क टोचीत असत आणि त्यांच्या पद्धतीचे पुस्तक १८७७ साली निघाले. आपल्याकडे चामडे कमावण्यास बाभळीची साल लागते. तशाच तुरट सालीने पोटाची सैल पडलेली भिंत आवळावयाची, असा हा प्रकार. पुढे १९३७ साली लुई शुल्ट्झ यांनी सतत निसटणाऱ्या जबड्याच्या सांध्यावर सुईचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी वापरलेले औषध, आपण पोट साफ होण्यासाठी ज्या इसबगोलाची भुसी घेतो, त्याच जातीच्या बियांच्या तेलापासून केलेले होते! त्याच वर्षी अर्ल गेडनी यांनी इतर सैल सांध्यांवरचे अनुभव लिहिले. आणि १९५६ साली ओहायोतील कँटन गावचे शल्यवैद्य जॉर्ज हॅकेट यांनी पुस्तक लिहून या विद्येला 'प्रोलोथेरपी' हे नाव दिले. नाव संततिवाचक लॅटिन शब्दावरून घेतले आहे. तंतूंची नवी प्रजा वाढवावयाची, असा त्याचा भाव.

पण तीनच वर्षांनी, १९५९ साली, अशा औषधाची सुई कण्याजवळ दिल्यानंतर रोगी दगावल्याची हकीकत अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात छापून आली आणि या उपचारावरचा लोकांचा विश्वास डळमळला. पुढे जहाल औषधे मागे पडत गेली आणि त्यांच्या जागी ग्लुकोजचे दाट पाणी आले. आज शंभर भागांत साधारण बारा ते पंचवीस भाग साखर असे त्याचे प्रमाण असते. सुश्रुताचा गूळ आठवून कोणाची छाती फुगेल. परंतु तेथे काम होते ते गुळाच्या उष्णतेचे आणि येथे साखरेच्या दाटपणाचे. दोहोंत गोडीपलीकडे नाते जोडण्याची घाई करू नये.

दादांना सांगितलेला रक्ताचा अर्क हा या घराण्यातला धाकटा. रक्त काढून यंत्रात गरगर फिरवितात, म्हणजे रक्त गोठविणाऱ्या बिंबिका एका थरात जमतात. तो थर दुखऱ्या जागी टोचतात. सचिन तेंडुलकरमुळे २००४ साली घरोघर पोहोचलेल्या 'टेनिस एल्बो' या कोपराच्या दुखण्यावर २००६ मध्ये त्याचा गाजलेला प्रयोग झाला आणि मग तो सर्वत्र पसरला.

आता मुख्य प्रश्न असा, की याने गुण येतो काय? आमच्याकडे लंगडणाऱ्या बैलालाही डाग देत, आणि बैल महिनाभर खुंट्याला बांधून ठेवीत. बैल बरा होई. पण तो डागाने बरा झाला की विश्रांतीने, हे कोणी पाहिले? घोड्यांच्या बाबतीत ते पाहिले गेले. इंग्लंडात ब्रिस्टल येथील पशुवैद्यांनी १९८३ साली प्रयोगान्ती सांगितले की डागण्याने घोड्याच्या पायाची कंडरा लवकर सांधत नाही.

माणसांसाठी कसोटी हीच, फक्त युक्ती वेगळी. अर्ध्या रोग्यांना औषधाची सुई द्यावयाची, अर्ध्यांना नुसत्या मिठाच्या पाण्याची, आणि कोणाला काय दिले हे रोग्याला कळू द्यावयाचे नाही. ऑस्ट्रेलियात २००४ साली जुनाट कंबरदुखीच्या ११० रोग्यांवर असा प्रयोग झाला. साखरेच्या सुईने पुष्कळांना बरे वाटले. पण मिठाच्या पाण्यानेही जवळपास तितकेच! अमेरिकेत २०१३ साली झिजलेल्या गुडघ्यांच्या ९० रोग्यांत मात्र साखर मिठाच्या पाण्याहून आणि व्यायामाहूनही सरस ठरली. आणि २०२१ साली, पुन्हा ऑस्ट्रेलियातच, २८८ जणांच्या गुडघ्यांत रक्ताचा अर्क किंवा मिठाचे पाणी टोचून वर्षभर पाहिले, तेव्हा दुखणे कमी होण्यात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही, कूर्चाही वाचली नाही. मूळपेशींच्या सुयांची जाहिरात तर याहून मोठी. पण भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या सूचनांनी गुडघ्यासाठी त्यांना केवळ संशोधनापुरतीच मोकळीक दिली आहे.

एतावता, ही विद्या थोतांड आहे असे मी म्हणत नाही. साखरेच्या सुईचे पारडे काही ठिकाणी जड आहे आणि शोध चालू आहे. परंतु 'झिजलेला सांधा नव्याने भरून येईल' हे वचन आज कोणी छातीठोकपणे द्यावे, इतका पुरावा नाही.

मी दादांना हे सगळे समजावून सांगितले आणि म्हटले, की डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात. माझ्या नेमक्या दुखण्यावर ही सुई मिठाच्या पाण्याशी ताडून पाहिली आहे काय? सुई न घेता रोजचा व्यायाम केला तर काय होईल? आणि गुण आला नाही तर पुढे काय? असे विचारल्याने चांगला डॉक्टर रागावत नाही. शिवाय दुसरे मत घ्यावयास लांब जाण्याचे कारण नाही. सेवाग्रामला १९६९ पासून आणि यवतमाळला १९८९ पासून वैद्यकीय महाविद्यालये आहेत.

दादा सेवाग्रामला जाऊन आले. तेथे त्यांना मांड्यांचे स्नायू बळकट करण्याचे व्यायाम शिकविले आणि वजन उतरविण्यास सांगितले. गुडघे दुखतात अजून, पण ते सकाळी शेताच्या बांधापर्यंत चालत जातात. वेचणीचे पैसे घरात राहिले. या दिवाळीत फराळाचे ताट पुढे आले तेव्हा त्यांनी एक लाडू उचलला, दुसरा परत ठेवला, आणि वहिनींना म्हणाले, 'साखर गुडघ्यात टोचायची का पोटात घालायची, तेवढं ठरू दे पहिले.'