हमीदा बानूचा खुराक

पहिलवानाचा भरदार देह ही ज्या मुलखात गावाची दौलत मानली जाई, आणि ज्या नगरीस शाहू छत्रपतींनी मल्लविद्येचे माहेरघर बनविले, त्या कोल्हापुरात शोभासिंग पंजाबी या मल्लास चीत करणाऱ्या एका स्त्रीवर प्रेक्षकांनी दगड भिरकावले, आणि अखेर पोलिसांना पाचारण करावे लागले, ही हकीकत आपल्या क्रीडेतिहासात सहसा नमूद होत नाही. ती स्त्री मिर्झापूरच्या मल्लकुळात जन्मलेली आणि अलीगढच्या आखाड्यात सलाम पहिलवानाच्या हाताखाली तयार झालेली हमीदा बानू होय.

१९५४ च्या मे महिन्यात बडोद्यास तिने बाबा पहिलवानास १ मिनिट ३४ सेकंदांत अस्मान दाखविले. परंतु तत्कालीन वृत्तपत्रांनी तिच्या डावपेचांपेक्षा तिची ५ फूट ३ इंच उंची, १०८ किलो वजन आणि साडेपाच लिटर दूध, किलोभर मटण, अर्धा किलो लोणी, सहा अंडी, बिर्याणीच्या दोन थाळ्या असा तिचा रोजचा खुराकच अधिक चवीने छापला. पुरुष मल्लाच्या दूध-बदामांचा हिशेब ज्यांनी अभिमानाने सांगावा, त्यांनीच तो खुराक स्त्रीच्या ताटात पाहून नवल करावे, हा न्याय मला अन्यायाचाच वाटतो. कारण रोज सहा तास मेहनत करणाऱ्या देहास भरपूर अन्न आणि नऊ तासांची निद्रा लागणारच, आणि शिडशिडीत दिसण्याच्या हव्यासापायी अर्धपोटी राहून सराव करणाऱ्या मुलींची मासिक पाळी बंद पडते, हाडे ठिसूळ होतात, हे आज वैद्यकशास्त्रच बजावून सांगत आहे.

पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली तिची कुस्ती कुस्तीगीरांच्या संघटनेच्या हरकतीमुळे रद्द झाली. तिने थेट मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे तक्रार गुदरली, तेव्हा ही मनाई ती स्त्री असल्यामुळे नसून आयोजक तिच्यासमोर नकली मल्ल उभे करीत असल्याच्या तक्रारींमुळे आहे, असा सरकारी खुलासा तिच्या पदरात पडला. पुढे कल्याणात दुधाचा धंदा करून, इमारतींचे भाडे घेऊन आणि प्रसंगी रस्त्याच्या कडेला खाद्यपदार्थ विकून तिने उदरनिर्वाह केला. १९८६ साली ती निवर्तली.

ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या कुस्तीस प्रवेश मिळाला तो तिच्या मृत्यूनंतर, २००४ साली. पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीत भरली, आणि ती प्रतीक्षा बागडी हिने जिंकली.