सहा व्होल्टांची जावा

जुनी जावा बघायला गेलेला जाणकार आधी किल्ली फिरवतो, किक मारतो आणि हेडलाइटच्या डोक्यावरच्या लाल दिव्यावर नजर ठेवतो. रेस दिल्यावर दिवा विझला, तर डायनामो चार्ज करतोय. पेटलेलाच राहिला, की घासाघीस सुरू. टाकीवरचा मरून रंग आणि क्रोम हे सगळं नंतर.

मुंबई-इटारसी लोहमार्गावर बऱ्हाणपूर आणि खंडव्याच्या मध्ये असलेलं नेपानगर आणि ही मोटारसायकल यांचा वरवर काही संबंध नाही. पण दोघांचा जन्म एकाच काळजीपोटी झाला: परकीय चलन. वर्तमानपत्रांचा कागद परदेशातून यायचा. १९४७ मध्ये खासगी उपक्रम म्हणून सुरू झालेली इथली गिरणी सरकारने ताब्यात घेतली, १९५५ मध्ये कागद निघू लागला आणि २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंनी ती राष्ट्राला अर्पण केली. कच्चा माल जवळच्याच जंगलातला, सालई आणि बांबू. पुढची पंचवीसेक वर्षं वर्तमानपत्री कागदाची देशात दुसरी गिरणी नव्हती.

गाड्यांचंही तसंच झालं. रुस्तम आणि फारूख इराणी पन्नाशीच्या दशकात चेकोस्लोव्हाकियाच्या जावा मागवून मुंबईत विकत असत. आयातीवर बंधनं आली, तेव्हा त्यांनी म्हैसूरच्या महाराजांच्या पाठबळावर तिथेच कारखाना काढला. १९६१ मध्ये ‘आयडियल जावा’ची गाडी रस्त्यावर आली. मद्रासला एन्फिल्डने त्याआधीच, १९५५ मध्ये, भारतीय कंपनी काढून बुलेट जुळवायला घेतली होती.

बंद बाजारपेठेने गाडी वाचवली, पण तिचं वयही थांबवलं. चेक आराखडा १९५४च्या सुमाराचा. म्हैसूरने त्यात फेरफार केले, १९७३ मध्ये नाव ‘येझदी’ झालं, तरी मूळ जावाची वीज होती सहा व्होल्टांची आणि डायनामो जेमतेम ४५ वॅटचा. हेडलाइट, टेललाइट, हॉर्न आणि इग्निशन कॉइल, सगळ्यांनी यातच भागवायचं. रात्री घाटात गाडी हळू झाली की उजेड पिवळा पडायचा, वळण अंदाजाने घ्यावं लागायचं. असीरगडच्या पायथ्याने जाणाऱ्या बऱ्हाणपूर-खंडवा रस्त्यावर हा अनुभव कुणाला आला असेल, तर दोष चालवणाऱ्याचा नव्हता.

डायनामो असतो इंजिनाच्या उजव्या झाकणाआड. आर्मेचर थेट क्रँकच्या टोकावर बसलेलं, भोवती फील्ड कॉइल, आणि त्याच पाटावर इग्निशनचे पॉइंट. झाकण काढलं की कम्युटेटरच्या तांब्याच्या पट्ट्या दिसतात. त्या काळवंडलेल्या असतात किंवा कार्बन झिजून स्प्रिंग टेकायला आलेली असते. बारीक पॉलिश पेपरने पट्ट्या घासायच्या, दोन पट्ट्यांमधला अभ्रक तांब्यापेक्षा थोडा खाली हवा, तो वर आला असेल तर खरवडायचा. एमरी पेपर मात्र नको, असं जुने मिस्त्री बजावतात. त्याचे कण फटीत बसले की शॉर्ट. कार्बन बदलून पुन्हा दिवा विझत नसेल, तर संशय कटआउटवर. बॅटरीची वीज उलटी डायनामोत जाऊ नये म्हणून हा स्विच असतो. त्याचे पॉइंट चिकटले तर रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी रिकामी.

आणखी एक गंमत आहे. वर्षानुवर्षं गोठ्यात पडलेल्या गाडीच्या फील्डमधलं उरलंसुरलं चुंबकत्व निघून जातं. मग डायनामो धड असूनही वीज काढत नाही. फील्डला बॅटरीचा क्षणभर स्पर्श दिला की तो जागा होतो. हे ठाऊक नसल्याने चांगली आर्मेचरं किती वेळा विनाकारण रिवाइंड झाली असतील!

आता बरेच जण बारा व्होल्टांचा अल्टरनेटर बसवतात. त्यामागचं गणित साधं आहे: ४५ वॅटला सहा व्होल्टांवर साडेसात अँपिअर लागतात, बारावर त्याच्या निम्मे, आणि तारेतली गळती चौथ्या हिश्श्यावर येते. जुन्या, हिरव्या पडलेल्या वायरिंगला हा मोठा दिलासा. शुद्धतावाद्यांना तो पाप वाटतो. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनी ५० वर्षांवरच्या वाहनांना ‘व्हिंटेज’चा दर्जा दिला, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं आणली. नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि अट अशी की मूळ रूपात मोठा बदल नको. शिवाय अशी गाडी रोजच्या वापरासाठी नाहीच, रॅली-प्रदर्शनापुरती. सहलीला जायचं म्हणून गाडी घेणाऱ्याला हा शिक्का परवडत नाही. त्याने आपलं साधं आरसी बुक जपावं, १५ वर्षांनंतरचं नूतनीकरण वेळेवर करावं आणि अल्टरनेटर खुशाल बसवावा.

म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. नेपानगरची गिरणी नूतनीकरणासाठी २०१६ मध्ये थांबली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा फिरू लागली. त्याच वर्षीच्या जानेवारीत येझदी परतली होती. जावा त्याआधी, २०१८ मध्ये. नव्या गाड्या म्हैसूरला बनत नाहीत. त्या मध्य प्रदेशातच, इंदूरजवळच्या पीथमपूरला बनतात, आणि त्यांच्या चार्जिंगची चौकशी आता सर्व्हिस सेंटरचा संगणक करतो.