वेणीफणीचा वेळ

गेवराईच्या माणसाला गावाचा इतिहास विचारला की तो आधी राक्षसभुवनचं नाव घेतो. ते बरोबरच आहे. तालुक्यातल्या या गोदाकाठच्या गावी १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. निजाम नदी उतरून पलीकडे गेला होता, मागे राहिलेली फौज अलीकडे सापडली, आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर लढाईत मारला गेला. एका दिवसाचा सगळा तपशील आपल्यापाशी आहे. पण त्याच गोदावरीच्या पाण्यावर त्याआधी आणि त्यानंतर शेकडो वर्षं बायका केस धूत आल्या, टाचा घासत आल्या, ओले केस झटकत घाट चढून घरी स्वयंपाकाला गेल्या. त्या कामाला किती वेळ लागत होता, किती पाणी लागत होतं, हे कोणत्याही बखरीत नाही. मला आज त्याबद्दल बोलायचं आहे.

‘काम’ हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. नटणं-मुरडणं म्हटलं की आपल्याकडे थोडं हसू येतं, थोडा टोमणाही असतो. ‘बाईला तयार व्हायला तासभर लागतो’ हा विनोद मी आयुष्यभर ऐकला. तो सांगणाऱ्या घरातल्या बाईला स्वतःसाठी अख्खा तास कधी मिळालेला मी पाहिला नाही. सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत, घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, पुरुषांची ८८ मिनिटं. आणि वेणीफणीचा वेळ? तो या पाहणीत झोप, जेवण, अंघोळ या सगळ्यांच्याच खात्यावर टाकलेला असतो. त्याचा आकडा वेगळा काढणं सोपं नाही. म्हणजे बखरकारांनीही मोजला नाही आणि पाहणीवाल्यांच्याही सहज हाती लागत नाही.

पुराणवस्तू मात्र बोलतात. आपल्या मराठवाड्याइतक्या बोलक्या वस्तू थोड्याच ठिकाणी असतील. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभं राहिलेलं सरकारी वस्तुसंग्रहालय आहे, ते जरूर पाहा. सातवाहनकाळातल्या बायकांच्या रोजच्या वापरातल्या वस्तू तिथे आहेत. सातवाहनांच्या वसाहती जिथे जिथे खणल्या गेल्या तिथे काजळाच्या कांड्या, शंखाच्या बांगड्या, हाडाचे आणि हस्तिदंताचे कंगवे मिळाले, आणि भाजलेल्या मातीच्या खरबरीत वज्र्याही मिळाल्या. वज्री आपल्याला ठाऊक आहे. न्हाणीच्या कोपऱ्यात असते, टाच घासायला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या बाईच्या टाचेला भेगा पडत होत्या आणि ती बसून त्या घासत होती, हे त्या मातीच्या तुकड्याने सांगितलं. राजाच्या शिलालेखात असली गोष्ट सापडायची नाही.

जालना जिल्ह्यातलं भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. तिथे १९७३ मध्ये शां. भा. देव आणि रमेश गुप्ते यांनी उत्खनन केलं. तिथे हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा भाग सापडला. तशीच एक मूर्ती तेरला आहे. आणि तशीच एक, जवळजवळ वीतभर उंचीची, इटलीतल्या पॉम्पेईत १९३८ मध्ये सापडली. पॉम्पेई इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे मूर्ती त्याआधीच तिकडे पोचली होती. ती भोकरदनच्या कारागिरांची असावी असं काही अभ्यासक मानतात. मधोमध दागिन्यांनी मढलेली स्त्री आहे. तिचं कौतुक सगळ्यांनीच केलं. माझं लक्ष तिच्या दोन बाजूंना उभ्या असलेल्या दोन लहानखुऱ्या बायांकडे जातं. त्यांच्या हातात प्रसाधनाचं सामान आहे. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यातही तसंच. राजकन्या हातातल्या गोल आरशात बघते आहे, आणि सामान घेऊन शेजारी दुसरीच कुणी उभी आहे. सजणारी एक, सजवण्याचं काम करणारी दुसरी. मंदिरांच्या भिंतींवरची ‘दर्पणा’ आरसा घेऊन एकटी उभी दिसते खरी, पण ती सुरसुंदरी. तिला दळण नव्हतं.

कष्टकरी बाई पहिल्यांदा दिसते ती पैठणला, म्हणजे प्रतिष्ठानात, हाल सातवाहनाच्या नावाने जमवलेल्या गाथासप्तशतीत. त्या प्राकृत गाथांमध्ये गोदाकाठच्या शेतकऱ्यांच्या लेकी-सुना आहेत, हळदीने माखलेलं अंग आहे, कुसुंब्याने रंगवलेलं वस्त्र आहे. स. आ. जोगळेकरांनी १९५६ मध्ये या गाथा मराठी वाचकांपुढे ठेवल्या. वाचताना सारखं वाटतं की ही माणसं आपल्याच पट्ट्यातली. तिथल्या बाईपाशी दासी नाही. तिची ती.

गेवराईतही बाईपाशी दासी नव्हती, पण शेजारीण होती. माझ्या लहानपणी दुपारची भांडी झाली की ओसरीवर बायका एकीच्या मागे एक अशा बसत. पुढचीचे केस मागची विंचरणार, उवा-लिखा काढणार, तेल चोळणार, घट्ट वेणी घालून खोपा बांधणार. कंगव्यात आलेले केस बोटाला गुंडाळून कोनाड्यात ठेवले जात. ते फेकायचे नाहीत, केसांवर भांडी देणारी बाई गल्लीत आली की तिला द्यायचे आणि एखादी वाटी किंवा चमचा घ्यायचा. अशा केसांचीच गंगावनं होत, आणि ती कुणा दुसरीच्या अंबाड्यात जात. या दीड तासात गल्लीतल्या सगळ्या बातम्या, सगळी दुखणी आणि निम्मी लग्नं ठरून जात. पुरुष म्हणत, बायका रिकाम्या बसल्यात.

कुंकू लावणं हेही दिसतं तेवढं सोपं नव्हतं. हळकुंडाला टाकणखार आणि लिंबाचा रस लावून, वाळवून, कुटून कुंकू होतं. आमच्या भागातल्या घरांत ते बहुधा पंढरपूरच्या वारीहून येई. सोलापूर जिल्ह्यातलं केम तर कुंकवासाठी प्रसिद्धच. घरातल्या बाईजवळ फणेरपेटी असे. झाकणाच्या आतून आरसा, खाली खण, त्यात फणी, कुंकवाचा करंडा आणि मेणाची डबी. आधी बोटाने मेण लावायचं, मग त्यावर कुंकू, मग कडा पुसून गोल करायचा. काजळ घरी धरायचं, एरंडेलाच्या दिव्यावर ताटली पालथी घालून. मणेर बांगड्या भरायला घरी येई. हाताला तेल चोळून, हाडं दाबून तो इतक्या लहान बांगड्या चढवी की पोरी रडत. गोंदणारीण आली की सुया आणि काजळी. बाई मेली की दागिने काढून घेतात, गोंदण मात्र बरोबर येतं, असं जुन्या बायका म्हणत. मालकीची म्हणावी अशी तेवढीच एक वस्तू.

आमच्या घरातली फणेरपेटी आजीची. आजोबा लवकर गेले. त्यानंतर पेटीतला करंडा आणि मेणाची डबी निघून गेली, बांगड्या दगडावर फुटल्या. आमच्यात केशवपन नव्हतं. ज्या जातींत ते होतं त्या घरांतल्या बायकांसाठी १८९० मध्ये मुंबईच्या नाभिकांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सभा घेतली आणि विधवांचे केस कापायला नकार दिला, ही आपल्या इतिहासातली फार मोठी गोष्ट. पण कुंकू पुसण्याला नकार द्यायला असं कुणी पुढे आलं नाही. ते पुसायला वस्तरा लागत नाही, घरातलाच अंगठा पुरतो. माझी आजी गल्लीतल्या पोरींच्या वेण्या घालण्यात सगळ्यांत तरबेज होती. पाच पेडांची वेणी तिच्याकडून शिकावी. स्वतः मात्र पेटीचं झाकण उघडत नसे. मी एकदा म्हटलं, आजी, आरसा बघून तरी विंचर की. तर म्हणाली, ‘‘मला काय करायचं बाई आरशाचं? हात जातो की बरोबर.’’ काल जे करणं बंधनकारक होतं ते आज करणं पाप. सजण्याला हौस म्हणणाऱ्यांनी ही कसली हौस ते सांगावं.

आता पाण्याचं बोलू. गेवराईतून जी नदी वाहते तिचं नाव विद्रूपा. सौंदर्यावर बोलताना हे नाव घ्यावं लागावं ही गंमतच. नावावर तिने कधी फार अन्याय केला नाही, बहुतेक महिने ती कोरडीच. लांब केस शिकेकाईने धुवायचे तर एका बाईला दोन-तीन घागरी सहज लागतात. रिठा-शिकेकाई उकळायला सरपण वेगळं. ज्यांना शिकेकाई परवडत नसे त्या मातीने किंवा ताकाने धूत. न्हाण्याचे वार ठरलेले असत, त्याला शास्त्राचा आधार सांगत. मला वाटतं त्यामागे घागरींचा हिशेबही असावा. चार बायकांनी एकाच दिवशी केस सोडले तर पाणी आणायचं कुणी?

१९७२ च्या दुष्काळात मी शाळेत होते. बायका खडी फोडायला जात. संध्याकाळी परतताना भुवया, पापण्या, भांग सगळं पांढरं झालेलं असे. वाटायचं, सगळ्या एकदम म्हाताऱ्या झाल्या. प्यायलाच पाणी नाही तर केसांना कुठून? पदराने तोंड पुसायचं, तेलाचा हात फिरवायचा, आणि कुंकू. कुंकू चुकत नसे. हजेरीपत्रकावर अंगठा द्यायला उभ्या असलेल्या रांगेत एक कपाळ मोकळं दिसलं तरी लोक विचारत. पुढे १९७६ मध्ये जायकवाडी धरण झालं, उजवा कालवा आमच्या तालुक्यातून माजलगावकडे गेला. ज्यांच्या शेताला पाणी आलं त्यांच्या घरी न्हाणी बांधली गेली, दाराला कडी आली. बाईच्या सजण्याच्या इतिहासात या कडीचं मोल कुठल्याही क्रीमपेक्षा मोठं आहे.

क्रीमंही आली. मुंबईत इ. एस. पाटणवालांनी १९१९ मध्ये ‘अफगाण स्नो’ बाजारात आणला. १९४१ मध्ये लीला चिटणीस ‘लक्स’ साबणाच्या जाहिरातीत झळकल्या, त्या मान मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय नटी. पण तेव्हा गेवराई निजामाच्या राज्यात होती, आणि १९४८ नंतरही किती तरी वर्षं आमच्याकडे स्नो म्हणजे नवरीच्या रुखवतातली वस्तू. खरा बदल झाला तो गोऱ्या रंगाच्या ट्यूबने. ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ साली आली. नावातला ‘फेअर’ हा शब्द कंपनीने २०२० मध्ये काढला. मधल्या पंचेचाळीस वर्षांत आमच्याकडच्या किती मुलींनी ती ट्यूब शेवटपर्यंत पिळली, कात्रीने कापून आतलं पुसून घेतलं! त्यांना कुणी छचोर म्हणू नये. बघण्याच्या कार्यक्रमात ‘मुलगी सावळी आहे’ हे वाक्य उच्चारलं गेलं की हुंड्याचा आकडा वर सरकताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. पोरगी आरशासमोर बसून बापाचं कर्ज कमी करायला बघत होती.

मेणाची जागा आधी गंधाच्या बाटलीने घेतली, मग चिकटणाऱ्या टिकलीने. वेळ वाचला, कबूल. पण काही टिकल्यांच्या गोंदातल्या रसायनाने कपाळावर पांढरा डाग पडतो, त्वचारोगतज्ज्ञ हे अनेक वर्षं सांगत आले आहेत. डाग पडला की बाई तो झाकायला आणखी मोठी टिकली लावते, डाग आणखी पसरतो. आणि पांढरा डाग म्हणजे कोड अशी आपल्याकडची समजूत, की लगेच धाकट्या बहिणीच्या लग्नाची काळजी. अशा वेळी टिकली बंद करून डॉक्टरकडे जावं, एवढंच सांगते.

कुंकवाच्या सक्तीला आणि बंदीलाही उघड नकार मिळाला तो अलीकडे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी ठराव केला की गावात विधवेच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. एका रात्रीत कपाळं बदलत नाहीत, हे खरं. पण ठराव लिहिलेला असला की सुनेला सासूपुढे बोलायला कागद मिळतो.

आणि आपल्या बीड जिल्ह्याबद्दल बोलायचं तर ऊसतोडीच्या बाईशिवाय पुरं होत नाही. दसरा-दिवाळीनंतर आमच्या तालुक्यातून जोड्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. फडावर पहाटे उठून, अंधारातच साडीच्या आडोशाला अंघोळ उरकायची, कारण उजेडात आडोसा पुरत नाही. साडीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला घट्ट रुमाल, कारण पाचट चेहऱ्याला आणि हातांना चिरतं. केस दिवसेंदिवस धुतले जात नाहीत. काचेच्या बांगड्या मोळी बांधताना फुटतात आणि मनगटात रुततात, म्हणून हातात मोजक्याच ठेवायच्या.

ट्रक निघण्याच्या आदल्या दिवशी यातल्या बायका गेवराईच्या बाजारात येतात. मी कितीदा बघितलं आहे. मुकादमाच्या उचलीतून धान्य, मीठ-मिरची, पोरांची औषधं झाली की शेवटी कटलरीच्या दुकानापुढे थांबतात. टिकल्यांची पाकिटं सहा महिन्यांच्या हिशेबाने मोजून घेतात, खोबरेल तेलाची एक बाटली, एक कंगवा, केसांच्या पिना, आणि मुठीत मावेल असा एक लहान आरसा. आरसा उघडून बघतात, फुटलेला नाही ना याची खात्री करतात, आणि धुडक्यात, कपड्यांच्या मधोमध, हादरे लागणार नाहीत अशा बेताने ठेवतात.