'कसणे' : भीमाकाठच्या इंजिनांच्या इतिहासातील एक क्रियापद

यंत्रांचा इतिहास लिहिताना आपले लक्ष बहुधा कारखानदारांकडे जाते. साताऱ्याच्या कूपर कारखान्याचा आरंभ १९२२ चा, खडकीच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा १९४६ चा, हे सन सर्वश्रुत आहेत. परंतु ही इंजिने ज्यांनी खोलली आणि पुन्हा उभी केली, त्यांच्या विद्येची नोंद क्वचितच आढळते. ती भाषेतच शोधावी लागते.

१९८० साली उजनी धरण पूर्ण झाले. करमाळा व इंदापूर तालुक्यांतील कित्येक गावांची भीमाकाठची जमीन जलाशयात गेली आणि उरलेल्या रानावर पाणी चढविण्याची निकड वाढली. मोटेबरोबर नाडा, सोंदूर, थारोळे हे शब्द मागे पडले होते. हेड, गॅस्केट, बोल्ट रूढ झाले. नामे परकी आली, क्रियापदे मात्र मराठीच राहिली. हेड बसते, आटे जातात, गॅस्केट उडते, बोल्ट कसतात.

ह्या कसण्यास क्रम आहे. अनेक सिलिंडरांच्या इंजिनात मधल्या बोल्टांपासून आरंभ करून आळीपाळीने दोन्ही टोकांकडे जावयाचे. एकाच सिलिंडरच्या इंजिनात समोरासमोरचे नट घ्यावयाचे. आणि पूर्ण ताण एकदम न देता दोन-तीन फेऱ्यांत द्यावयाचा. एक बाजू आधी आवळल्यास हेड वाकते, गॅस्केट असमान दबते आणि तेथून दाब निसटतो. ऐन उन्हाळ्यात असे घडले, तर उभा ऊस वाळतो.

ताण मोजणाऱ्या टॉर्क-पान्याचे श्रेय न्यूयॉर्कच्या पाणीपुरवठा खात्यातील कॉनरॅड बार ह्यांस दिले जाते. १९१८ च्या सुमारास जलवाहिन्यांचे बोल्ट प्रमाणाबाहेर आवळले जाऊ नयेत म्हणून त्यांनी तो योजिला. तथापि पाना केवळ पीळ मोजतो. त्या पिळाचा सुमारे नऊ-दशांश भाग घर्षणात खर्च होतो. प्रत्यक्ष ताण उरतो तो एक-दशांश. आटे मळलेले असल्यास आकडा बरोबर येऊनही हेड सैल राहते. म्हणून आटे स्वच्छ करणारा हात हाही मापनाचाच भाग होय.

मराठीत जमीन कसतात, दोर कसतात, सोनेही कसून पाहतात. मशागत, ताण आणि पारख हे तिन्ही अर्थ ह्या कामात एकत्र येतात. काठावर आता विजेचे पंप सर्रास दिसतात. इंजिन खोलणारे हात थोडे होत आहेत. त्यांची वाणी वेळीच टिपून घेणे हे आपल्या अभ्यासाचे कर्तव्य ठरते.