‘शेजवान’ : एका स्थलनामाचे स्थलांतर

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९७३ साली ‘गोल्डन ड्रॅगन’ हे उपाहारगृह सुरू झाले आणि चीनमधील सिच्वान प्रांताची पाककला येथील धनिक वर्गाच्या परिचयाची झाली. तत्पूर्वी मुंबईतील चिनी भोजन प्रायः कँटनी वळणाचे होते. कारण तेथील चिनी वस्ती मुख्यतः क्वांगतुंग प्रांतातून आलेली होती. त्या समाजाने १९१९ साली बांधलेले मंदिर माझगावात आजही उभे आहे. १९६२ च्या युद्धानंतर चिनी वंशाच्या सुमारे ३,००० भारतवासीयांना राजस्थानातील देवळी येथे स्थानबद्ध करण्यात आले. पुढे अनेकांनी देश सोडला. या घटनेस पुरते एक तपही लोटले नसता चिनी भोजन प्रतिष्ठेचे लक्षण ठरावे, हे विलक्षणच म्हणावे लागेल.

अमरावती व अकोला येथे हा प्रांत पोहोचला तो ‘शेजवान’ या शब्दाच्या रूपाने, आणि बहुधा हातगाडीवरून. या शब्दाची घडण उद्बोधक आहे. जुन्या रोमन लेखनात प्रांताच्या नावात प्रारंभी ‘एस्’ला जोडून ‘झेड्’ व मध्ये ‘सीएच्’ येत असे. भारतीय भोजनपत्रिकांवर या दोहोंनी परस्परांची जागा घेतली. मूळ चिनी उच्चारात तेथे मराठी ‘छ’ला जवळचा ध्वनी आहे, ‘ज’ आला तो केवळ लेखनातील या विपर्ययामुळे. वऱ्हाडात आज ‘शेजवान’ म्हणजे लसूण व लाल मिरचीची झणझणीत चटणी. ‘मंचुरियन’चीही गत हीच : नेल्सन वाँग यांनी १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात तो पदार्थ सिद्ध केला; मांचुरियाशी त्याचा संबंध नाही. अशा शब्दांना भ्रष्ट म्हणून कोशाबाहेर ठेवणे मात्र न्याय्य नव्हे. ज्या ठेच्याच्या प्रदेशाने ते स्वीकारले, त्याची रुची त्यांत मुरलेली आहे.

सिच्वानी पाकाचा खरा विशेष जीभ बधिर करणारी ‘ह्वाजिआओ’ ही फळे होत. कोकणात बांगड्याच्या आमटीत पडणारे तिरफळ त्याच कुळातील, किंबहुना त्याच प्रजातीचे. तथापि शेजवान चटणीत ना ते, ना हे.

सोयाबीनचा प्रवास याच्या उलट झाला. ही मूळची चिनी वनस्पती गेल्या काही दशकांत वऱ्हाडच्या कपाशीच्या रानांत पसरली. तिचे येथे तेल निघते, पेंड होते. ‘सोया’ हा शब्द मात्र आरंभी त्या काळ्या रसाचाच होता : जपानी ‘शोयु’ डच व्यापाऱ्यांमार्फत युरोपात गेला आणि मागाहून तेच नाव दाण्याला चिकटले.